युद्धकथेतले सैन्य काय खाते? पानिपताच्या आधाराने रणनीतीची ओळख

काही महिन्यांपूर्वी एका तरुण लेखकाने आपल्या कादंबरीचे हस्तलिखित मला वाचायला दिले. राज्य काल्पनिक, राजा काल्पनिक आणि नकाशाही त्याने स्वतःच्या हाताने काढलेला होता. तिसऱ्या प्रकरणात दहा हजारांचे घोडदळ सूर्यास्ताला एका अरुंद घाटात शिरते आणि झुंजूमुंजू व्हायच्या आत पलीकडच्या पठारावर लढाईला उभे राहते, असा प्रसंग होता. तलवारींची, चिलखतांची आणि घोड्यांच्या जातींची वर्णने त्याने फार कष्टाने लिहिली होती. मी त्याच्यासमोर कागदावर एक साधा हिशेब मांडला. घाटाची वाट एका वेळी एकच घोडा जाईल एवढी. घोडा आणि त्याच्या पुढची मोकळी जागा मिळून चार मीटर धरले, तर दहा हजार घोड्यांची रांग चाळीस किलोमीटर लांब होते. अंधारात, चढणीवर, ताशी तीन किलोमीटर चाल धरली आणि घाट पंधरा किलोमीटरचा मानला, तर संध्याकाळी सहाला निघालेला पहिला स्वार रात्री अकराला माथ्यावर पोहोचतो. पण शेवटचा स्वार घाटाच्या पायथ्याशी यायलाच सकाळचे सात वाजून जातात आणि तो वर येतो तेव्हा दुपार झालेली असते.

तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला, आणि मग त्याने ते प्रकरण नव्याने लिहिले. नव्या प्रकरणात पहाटे पठारावर फक्त काही हजार स्वार आहेत, त्यांचे घोडे दमलेले आहेत, बाकीचे सैन्य अजून खालच्या वळणांवर अडकले आहे आणि दुपारपर्यंत तग धरायची की परत घाटात उतरायचे, हे आघाडीच्या सरदाराला एकट्याने ठरवायचे आहे. पहिल्या खर्ड्यात केवळ वेग होता. दुसऱ्यात भीती होती, निवड होती आणि म्हणूनच गोष्ट होती.

युद्धकथेतले वास्तव म्हणजे काय, याचे माझे उत्तर या प्रसंगात आले आहे. शस्त्रांची अचूक नावे, गणवेशाची बटणे किंवा रक्ताचे सविस्तर वर्णन यांनी कथा खरी वाटू लागते, हा समज मला अपुरा वाटतो. सेनापतीपुढे त्या दिवशी कोणत्या अडचणी होत्या, त्याला नेमके काय माहीत होते आणि त्याच्या छावणीत किती दिवसांचा दाणा शिल्लक होता, या गोष्टी ज्या कथेत पक्क्या असतात, त्या कथेतला निर्णय चुकीचा ठरला तरी वाचकाला पटतो. रणनीती हा शब्द आपण सैलपणे वापरतो, म्हणून त्याचे थर आधी वेगळे करू. युद्ध कशासाठी करायचे हा राजकीय उद्देश. तो साधण्यासाठी कोणत्या वाटेने, कोणत्या ऋतूत, कोणाला बरोबर घेऊन जायचे ही मोहिमेची आखणी. प्रत्यक्ष रणांगणावर कोणी कुठे उभे राहायचे आणि केव्हा चाल करायची हे डावपेच. आणि या तिघांनाही पोसणारी रसद. बहुतेक युद्धकथा सगळी शाई डावपेचांवर खर्च करतात, आणि निकाल मात्र बऱ्याचदा उरलेल्या थरांमध्ये लागलेला असतो.

हे समजून घ्यायला मराठी वाचकासाठी पानिपताइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. मराठे आणि अफगाणिस्तानचा बादशहा अहमदशहा अब्दाली यांच्यातली १४ जानेवारी १७६१ ची लढाई आपल्याला ठाऊक असते. परंतु त्या एका दिवसाच्या मागे दहा महिन्यांची मोहीम उभी आहे. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर मराठा सरदार दत्ताजी शिंदे अफगाणांशी लढताना पडले. त्यानंतर पेशव्यांचे चुलतभाऊ आणि या मोहिमेचे सेनापती सदाशिवरावभाऊ मार्चच्या मध्यावर मराठवाड्यातल्या परतूरहून उत्तरेकडे निघाले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली मराठ्यांच्या ताब्यात आली. सुमारे बाराशे-तेराशे किलोमीटरच्या या वाटचालीला साडेचार महिने लागले, म्हणजे मुक्काम, नद्यांचे उतार आणि पाऊस धरून दिवसाला सरासरी नऊ-दहा किलोमीटर. जो लेखक आपल्या काल्पनिक सैन्याला पंधरवड्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतो, त्याने हा आकडा उशाशी ठेवावा. एकटा सांडणीस्वार दिवसाला कितीतरी मैल तोडतो. सैन्य मात्र त्यातल्या सर्वांत जड तोफेच्या आणि सर्वांत थकलेल्या बैलाच्या चालीने चालते.

आता घोड्याच्या पोटाकडे वळू, कारण माझ्या मते खरी कथा तिथे सुरू होते. राबत्या घोड्याला कोरडी वैरण आणि दाणा मिळून दिवसाला आठ किलोच्या खाली दिले तर तो हळूहळू खंगतो, आणि त्याला पाणीही पंचवीस-तीस लिटर लागते. पानिपतावरील सैन्याचे आकडे निरनिराळ्या साधनांत निरनिराळे मिळतात, म्हणून हिशेबापुरती पन्नास हजार जनावरे धरू. रोजची वैरण झाली चारशे टन. लमाणांच्या तांड्यातला एक बैल पाठीवर शंभर ते सव्वाशे किलोंची गोणी वाहतो. म्हणजे नुसत्या जनावरांसाठी रोज तीन-चार हजार लादलेले बैल छावणीत यायला हवेत, आणि माणसांचे धान्य त्याच्या वर. असा पुरवठा दूरच्या कोठारातून महिनोन्‌महिने करणे त्या काळात कोणालाच शक्य नव्हते. त्यामुळे सैन्याला दोनच मार्ग उरत: एक तर सतत पुढे सरकत राहायचे आणि नव्या मुलखाचा चारा खायचा, किंवा एका जागी राहायचे असल्यास आसपासच्या मुलखात कही पाठवायची.

कही म्हणजे गवत, दाणा आणि सरपण गोळा करण्यासाठी छावणीबाहेर पडणारी टोळी. युद्धकथांमध्ये हा शब्द जवळजवळ दिसतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सैन्याचे आयुष्य कहीवर मोजले जाते. पहिल्या आठवड्यात कहीला कोस-दोन कोसांवर चारा मिळतो. तो संपला की चार कोस, मग आठ कोस जावे लागते. अंतर वाढते तसा कहीबरोबर जाणारा बंदोबस्त वाढवावा लागतो, बंदोबस्ताचे घोडेही खातात, आणि एक दिवस असा येतो की आणलेल्या गवतापेक्षा ते आणायला गेलेल्या घोड्यांची झीज जास्त होते. शत्रूच्या हलक्या घोडदळाने त्या आठ कोसांच्या वर्तुळावर पहारा बसवला, की मोठी लढाई न करताही छावणीचा गळा आवळता येतो. कथालेखकाने एक पागा निवडावी आणि तिच्यातला एकच घोडा दर आठवड्याला दाखवावा. पहिल्यांदा त्याच्या तोबऱ्यात हरभरा आहे. मग नुसते गवत. मग झाडाचा पाला. मग बारगीर तंग आवळताना दर खेपेला एक भोक पुढे सरकतो आहे, कारण घोड्याचे पोट आत गेले आहे. वाचकाला रसदेवर व्याख्यान देण्याची गरज राहत नाही.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: मग भाऊसाहेबांनी एवढे बाजारबुणगे, बायकामुले आणि यात्रेकरू बरोबर का नेले, आणि अवजड तोफखान्याचा हट्ट का धरला? भरतपूरच्या सुरजमल जाटाने जड सामान व कुटुंबे मागे सुरक्षित ठेवून गनिमी काव्याने लढण्याचा सल्ला दिला होता, आणि मल्हारराव होळकरांचा कलही तसाच होता, असे सांगितले जाते. यावरून भाऊंना गर्विष्ठ आणि मूर्ख ठरवणे फार सोपे आहे. मला हे मान्य नाही, आणि कथेच्या दृष्टीने तर तो फारच स्वस्त मार्ग आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाविरुद्ध भाऊंनी जे यश मिळवले, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा आणि कवायती पायदळाचा मोठा वाटा होता. दिल्ली आणि कुंजपुरा यांसारखी तटबंदीची ठाणी नुसत्या भाल्यांनी हाती लागत नाहीत. यात्रेकरूंना एवढे मोठे सैन्य उत्तरेत जाताना पुन्हा कधी सोबत मिळणार होती? सैन्याबरोबरचा बाजार हे तर त्याचे चालते दुकान, चालता दवाखाना आणि चालते स्वयंपाकघर होते; तो मागे ठेवला तर शिलेदाराने पीठ कोणाकडून घ्यायचे? मार्चमध्ये परतूरला उभे राहून पाहिले, तर प्रत्येक निर्णयामागे कारण आहे. ते सगळे निर्णय नोव्हेंबरात एकमेकांच्या पायात अडकले, आणि या अडकण्याची गोष्ट कोणत्याही मूर्ख सेनापतीच्या गोष्टीपेक्षा खोल आहे.

तुलनेसाठी पालखेड पाहावे. १७२८ च्या फेब्रुवारीत थोरल्या बाजीरावांनी निजामाला पालखेडजवळ कोंडले, तेव्हा तोफा आणि जड सामान निजामाकडे होते आणि बाजीराव हलक्या घोडदळानिशी फिरत होते. त्यांनी निजामाला आपल्या मागे ओढले, त्याला त्याच्या तोफखान्यापासून तोडले आणि पाणी नसलेल्या जागी आणून उभे केले; मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी लढाई न होता युद्ध जिंकले गेले. पण ही मोहीम दख्खनच्या ओळखीच्या मुलखात झाली. गावे, ओढे आणि डोंगरवाटा आपल्या, खबर देणारी माणसे आपली. तीच पद्धत यमुनेच्या सपाट खोऱ्यात, जिथली गावे अनोळखी आहेत आणि समोरचे अफगाण घोडेस्वारही तितकेच चपळ आहेत, तिथे तशीच चालली असती असे खात्रीने म्हणता येत नाही. डावपेच एका भूमीतून उचलून दुसरीकडे तसेच लावता येत नाहीत, हे काल्पनिक नकाशा काढणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे.

पानिपताच्या मोहिमेत नदीचे काम एखाद्या पात्रासारखे आहे. पावसाळाभर यमुना दुथडी भरून वाहत होती. मराठे पश्चिमेला, अब्दाली पूर्वेला दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखात. कोणालाच ओलांडता येत नव्हते, म्हणून दोन्ही बाजूंचे वकील, पत्रे आणि वचने यांचा काळ होता, आणि त्याच काळात अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूला गेला. दिल्लीत पैशाची इतकी चणचण होती की लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून नाणी पाडावी लागली. मग भाऊ उत्तरेला सरकले आणि १७ ऑक्टोबरला त्यांनी कुंजपुरा घेतला. तिथे अब्दालीसाठी साठवलेले धान्य हाती लागले. हा विजय पूर्णपणे शहाणपणाचा होता, कारण त्याने शत्रूचा दाणा आपल्या पोटात गेला. परंतु त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात, अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेला बागपतजवळ यमुना ओलांडली. पाणी पुरते ओसरले नव्हते आणि माणसे वाहून गेली, तरी त्याने धोका पत्करला.

या एका ओलांडण्याने नकाशा उलटा झाला. दख्खनचे सैन्य दिल्लीच्या उत्तरेला अडकले आणि अफगाणिस्तानचे सैन्य त्याच्या दक्षिणेला येऊन बसले; मराठे दक्षिणेकडे तोंड करून उभे आणि अफगाण उत्तरेकडे तोंड करून. दोघांच्याही घरची वाट दुसऱ्याच्या पाठीमागे. काल्पनिक कथेत अशी रचना कोणी मांडली, तर वाचकाला ती ओढूनताणून केलेली वाटेल, म्हणून लेखकाने ती उलगडून दाखवायला हवी. नदीला उतार कुठे आहे, तिथे पहारा कोणाचा आहे, त्या पहाऱ्याची बातमी छावणीत यायला किती वेळ लागतो, हे आधीच्या प्रकरणांत पेरले असेल, तर ते ओलांडणे वाचकाच्या काळजात धस्स करते.

पुढचे अडीच महिने दोन्ही सैन्ये पानिपताजवळ समोरासमोर बसून होती. मराठ्यांनी खंदक खणले, तोफा मांडल्या. हा काळ कथांमध्ये बहुधा एका परिच्छेदात संपतो आणि लेखक लगबगीने लढाईच्या सकाळी येऊन पोहोचतो. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की पानिपताचे युद्ध याच अडीच महिन्यांत झाले. सुरुवातीला वाट पाहण्यात मराठ्यांचे नुकसान नव्हते. अब्दालीही घरापासून दूर होता आणि त्याच्या छावणीतही महागाई होती. मराठ्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले दुआबात फिरून त्याची रसद तोडत होते. पतियाळाचा आलासिंग मराठ्यांना उत्तरेकडून धान्य पुरवत होता. दोघांपैकी ज्याचे पोट आधी रिकामे होईल तो हरेल, असा तो सामना होता, आणि नोव्हेंबरात त्याचा निकाल कोणीही सांगू शकले नसते.

डिसेंबरात पारडे फिरले. ७ डिसेंबरच्या चकमकीत मराठा सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात अफगाणांच्या एका वेगवान तुकडीने गोविंदपंतांना दुआबात अचानक गाठले आणि ते मारले गेले. त्यांच्या मृत्यूने अब्दालीची रसद मोकळी झाली. त्याच्या बाजूने लढणाऱ्या रोहिले पठाणांचा मुलूख त्याच्या पाठीशी होताच. मराठ्यांकडे येणाऱ्या वाटा मात्र एकेक करून बंद होत गेल्या. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक टोळी रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून अफगाणांच्या छावणीत शिरली. या प्रसंगापाशी मी वाचक म्हणून दर वेळी थांबतो. थंडीने काकडलेली माणसे, कमरेला बांधलेल्या नाण्यांचे ओझे, समोर शेकोट्यांचे उजेड, आपण पोहोचलो या आनंदात कोणीतरी मराठीत घातलेली साद, आणि तिकडून आलेले परक्या भाषेतले उत्तर. शब्द आणि शेकोट्या माझ्या कल्पनेतल्या आहेत. वाट चुकणे खरे आहे. कथालेखकाचे काम इथेच असते: खऱ्या अडचणीच्या चौकटीत कल्पना भरायची.

युद्धात पैसा आणि अन्न यांचे नातेही येथे उघडे पडते. चांदी वितळवून नाणी पाडता येतात, परंतु घेरलेल्या छावणीत विकायला धान्यच नसेल तर नाण्याने फक्त भाव चढतो. हुंडी दिल्लीपर्यंत पोहोचेल, सावकार पैसे देईलही. शेवटचे वीस कोस मात्र कोणीतरी पोत्याला खांदा द्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष लढाई. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असा सैन्याचा आग्रह झाल्यावर गोल बांधून बाहेर पडायचे ठरले. गोल म्हणजे पोकळ चौकोनासारखी रचना: बाहेरच्या कडांवर तोफा, गारदी पायदळ आणि घोडदळ, आत बायकामुले, सामान आणि निःशस्त्र माणसे. शत्रूला हटवत हा सबंध चौकोन पुढे सरकवायचा आणि वाट काढायची. कागदावर ही रचना उत्तम आहे. तिची अट एकच, आणि ती फार कठीण: चारही बाजूंनी सर्वांत संथ बाजूच्या चालीने चालले पाहिजे. पायदळाला हे शिकवलेले असते. घोडेस्वाराची सगळी ताकद मात्र वेगात असते. गोळे पडत असताना दमलेल्या, उपाशी घोड्यावर बसून जागेवर थांबणे ही त्याच्याकडून केलेली सर्वांत अवघड मागणी होय. डावीकडे गारद्यांनी रोहिल्यांची फळी खिळखिळी करत आणली, तेव्हा विठ्ठल शिवदेव आणि दमाजी गायकवाड यांचे घोडदळ संधी पाहून पुढे धावले. त्यामुळे गारद्यांच्या बंदुकांपुढे आपलीच माणसे आली, मार थांबला आणि गोलाला खिंडार पडले. हे बेशिस्तीचे कृत्य म्हणून सांगितले जाते. पण आयुष्यभर ज्याला ‘फट दिसली की घोडा घाल’ हेच शिकवले, त्याने फट दिसताच घोडा घातला. सैन्याची जुनी सवय आणि नवी रचना यांच्यातली ही ओढाताण कथेत आधीपासून दाखवली असेल, तर त्या क्षणी वाचक त्या सरदारावर रागावत नाही, त्याच्यासाठी हळहळतो.

रणांगणावर सेनापतीला काय दिसते, याचाही विचार व्हावा. काळ्या दारूच्या बंदुका आणि तोफा सुरू झाल्या की दाट पांढरा धूर पसरतो, आणि हजारो टापांची धूळ त्यात मिसळते. शंभर पावलांपलीकडची तुकडी आपली की परकी, हे कळत नाही. अशा वेळी आज्ञा पोहोचवायला शिंग, नगारा, निशाण आणि धावता स्वार एवढीच साधने होती. सेनापतीचा हत्ती हा त्या काळात थाट म्हणून नव्हे, तर खूण म्हणून महत्त्वाचा होता. सैनिकाने मान वर करून पाहिले की अंबारीतला सरदार दिसतो, म्हणजे लढाई अजून चालू आहे. दुपारी पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून शत्रूत शिरले. एका माणसाचे शौर्य म्हणून ते थोर आहे. पण दूर धुरातून पाहणाऱ्या हजारोंना फक्त रिकामी अंबारी दिसली. त्याउलट अब्दाली स्वतः मागे राहिला. पळणाऱ्या आपल्या माणसांना परत लोटण्यासाठी त्याने माणसे नेमली होती, आणि दुपारी, दोन्ही बाजू थकल्यावर, त्याने राखून ठेवलेले ताजे घोडदळ आणि उंटांवरची जंबुरके, म्हणजे हलक्या तोफा, लढाईत उतरवली. राखीव सैन्य म्हणजे सेनापतीच्या हातात उरलेला शेवटचा निर्णय असतो. ते आधीच खर्च झाले, तर त्यानंतर तो सेनापती राहत नाही, एक साधा लढवय्या होतो.

जुन्या लढायांविषयी आणखी एक गोष्ट कथांमध्ये उलटी दाखवली जाते. समोरासमोर उभे असताना माणसे मरतात, परंतु मोठा संहार बहुधा फळी फुटल्यावर, पाठलागात होतो. पळणाऱ्याची ढाल पाठीमागे नसते. म्हणून त्या रात्री चंद्र किती होता, हा प्रश्न कवीचा नसून लेखकाच्या अभ्यासाचा आहे. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. अष्टमीचा चंद्र संध्याकाळी माथ्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे पळणाऱ्याला अर्धी रात्र वाट दिसली आणि पाठलाग करणाऱ्यालाही तो दिसत राहिला. काल्पनिक युद्धासाठीसुद्धा पंचांग लिहून ठेवावे, ते यासाठी.

आधुनिक काळातही या अडचणींची जात बदललेली नाही. १९७१ साली लष्करप्रमुख सॅम माणेकशॉ यांनी कारवाईसाठी वेळ मागून घेतला, कारण पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या पसरतात आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद झाल्या की उत्तरेची काळजी कमी होते; ३ डिसेंबरला सुरू झालेले युद्ध १६ डिसेंबरला ढाक्यात संपले. त्या वेगामागे कित्येक महिन्यांची साठवण होती. कारगिलमध्ये १९९९ साली जवानाच्या छातीतला श्वास हीच रसद होती. उंचीवर जाण्याआधी शरीराला टप्प्याटप्प्याने सवय करावी लागते. पहिल्या टप्प्याला सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांना प्रत्येकी चार दिवस, असा सेनेचा रिवाज आहे. पुण्याहून सकाळी निघालेला नायक संध्याकाळी सोळा हजार फुटांवरच्या कड्यावर चढून हल्ला करतो, असे कोणी लिहिले तर त्याने त्या पंधरवड्याच्या थांब्यातली सगळी अस्वस्थता गमावली. शिवाय नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हा सरकारचा निर्णय होता. शत्रूच्या पाठीमागे जाऊन त्याची वाट तोडणे लष्करी दृष्टीने सोपे असूनही समोरून कडा चढावा लागला, त्याचे कारण राजकीय उद्देशात होते. डावपेच विचित्र वाटले की वरच्या थरात कारण शोधावे.

ज्यांच्या कथेत जादू किंवा उडणारे प्राणी आहेत, त्यांना हे सगळे लागू नाही, असे अनेकांना वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. कल्पनेने एखादी अडचण दूर करायला काहीच हरकत नाही. ती दूर झाल्यावर काय काय बदलते, ते मात्र शेवटपर्यंत पाळले पाहिजे. राजाकडे क्षणात निरोप नेणारे पक्षी असतील, तर पाचव्या प्रकरणात मदत वेळेवर न येण्याचे कारण ‘निरोप पोहोचला नाही’ हे असू शकत नाही. उडते वाहन असेल, तर ते काय खाते आणि एका दिवसात किती ओझे नेते, हे ठरवावे लागेल. मग त्याच्या चाऱ्याची कही आली, आणि त्या कहीवर छापा आला. मी त्या तरुण लेखकाला एक वही आखून दिली: तारीख, तिथी, मुक्काम, पाणी, दाणा किती दिवसांचा, आणि शेवटच्या रकान्यात ‘आज सेनापतीला काय ठाऊक आहे’. पहिले रकाने तो पटापट भरतो. शेवटच्या रकान्यापाशी त्याची लेखणी थांबते, आणि तिथे तिने थांबणे मला योग्य वाटते.

त्या रकान्यासाठी पानिपतानंतरचे दहा दिवस पाहावेत. नानासाहेब पेशवे त्या जानेवारीत मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. १४ तारखेला भाऊंचे सैन्य संपले; पेशव्यांनी त्यानंतर नर्मदा ओलांडली, मुक्काम केले, पुढच्या मजला ठरवल्या. २४ जानेवारीला भेलशाजवळ (आजचे विदिशा) सावकाराचे एक पत्र त्यांच्या हाती आले, ज्यात मोत्ये गळाल्याची आणि मोहरा हरवल्याची सांकेतिक बातमी होती. तोवर दर सकाळी छावणी उठत होती, बैल लादले जात होते, घोड्यांना तोबरे बांधले जात होते, आणि ते सारे ज्या सैन्याच्या मदतीला चालले होते ते सैन्य जगात उरले नव्हते.